रात्री अडीचला उठणारा माणूस: भंडारदऱ्याच्या एका कौटुंबिक तंबू-मुक्कामाचं प्रकरण

जानेवारी २०२५. महिन्यातला दुसरा शनिवार आणि त्याला लागून आलेला रविवार. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत एक रात्र. माणसं अकरा: पुण्याहून दादा, वहिनी आणि आठ वर्षांचा भाचा; नाशिकहून ताई, भावजी आणि चार वर्षांची भाची; ठाण्याहून आई-बाबा, मी, नवरा आणि बारा वर्षांची लेक. आई एकाहत्तरची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. बाबा शहात्तरचे. त्यांना मधुमेह आहे, प्रोस्टेटचा त्रास आहे, आणि ‘मला काही होत नाही’ हा तिसरा आजार आहे.

सहल एकंदरीत चांगली झाली. तरीही लिहून ठेवतेय, कारण परत आल्यावर चार घरांतून एकच निरोप आला, ‘तुमच्या कॅम्पचा नंबर पाठव.’ नुसत्या नंबरानं भागलं असतं तर आमची पहिली योजना रद्द करावी लागली नसती.

ठिकाण आणि तारीख

दादाला पवना हवं होतं. त्याच्या घरापासून दीड-दोन तास, तंबूवाले ढिगानं, ऑफिसच्या लोकांबरोबर दोनदा जाऊन आलेला. पण नाशिकहून चार वर्षांच्या पोरीला घेऊन पवन्याला येणं म्हणजे एक रात्र राहण्यासाठी दोन दिवस गाडीत काढणं. भंडारदरा ताईला घोटीमार्गे दोन तासांच्या आत, आम्हाला कसारा घाट चढून इगतपुरी-घोटीवरून साडेतीन तास, आणि दादाला आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर करत साडेचार. अंतराचा अन्याय कुणावर तरी होणारच होता, तो दादावर झाला. त्यानं तो अजून विसरलेला नाही.

तारखेवर जास्त वाद झाला. थर्टीफर्स्ट मी पहिल्याच फोनवर खोडून काढला. त्या रात्री जलाशयाच्या काठावर तंबूंची जत्रा असते आणि तिथं सगळ्यात स्वस्त काय मिळत असेल तर आवाज. सव्वीस जानेवारीही त्याच कारणानं नको. ताई बँकेत, तिला दुसरा शनिवार सुट्टीचा, म्हणून ११ तारीख. आपण ग्रेगरीय कॅलेंडर बघून तारीख ठरवतो आणि भिंतीवरचं कालनिर्णय बघायला विसरतो, तसंच झालं. ११ ला शनिप्रदोष होता, आईचा उपवास. पौर्णिमा १३ ला, म्हणजे त्या रात्री जवळजवळ पूर्ण चंद्र. नवऱ्यानं दुर्बिणीसाठी जागा राखून ठेवली होती, त्याचा चेहरा उतरला. उपवासाचा प्रश्न आईनं स्वतःच सोडवला, ‘मला दिवे लागले की जेवायला मिळालं पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही बघा.’ या एका वाक्यानं पुढे बरंच काही बदललं.

पहिली योजना आणि ती का बाद झाली

पहिली योजना मीच केली होती आणि ती दिसायला फार देखणी होती. दुपारी चारला पोचायचं, चहा-भजी, नौकाविहार, सूर्यास्त, सातला बार्बेक्यू, नऊला जेवण, शेकोटी, भेंड्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तरुण मंडळी कळसूबाईवर (१,६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, मग सोडायचं कसं?), बाकीचे रतनवाडीला, जमलं तर सांदण दरी. एक्सेलमध्ये रंगीत रकाने. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला.

वहिनीनं अंगठा दिला नाही, फोन केला. ती इस्पितळात नर्स आहे, रात्रपाळ्या केलेली बाई. ती म्हणाली, ‘ताई, तुमच्या तक्त्यात साडेदहानंतर थेट सकाळचे सहा आहेत. बाबा रात्री तीनदा उठतात. अडीच वाजता ते कुठे जाणार?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. संडास किती लांब, वाटेत बांध आहे का, उजेड आहे का, खाली चिखल की खडी, यातलं काहीच मी विचारलेलं नव्हतं. मी जे विचारलं होतं ते सगळं संध्याकाळचं होतं. मग मी दिवसाचा हिशोब मांडला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या भागात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि सव्वासातच्या जरा आधी उगवतो. म्हणजे तेरा तास अंधार. फोटोंत जो कॅम्प दिसतो तो जेमतेम दोन तासांचा असतो. उरलेला मुक्काम म्हणजे थंडी, दंव, अनोळखी जमीन आणि आपापल्या पोटाची घड्याळं.

तेव्हापासून आमच्यात ‘अडीचचा माणूस’ हा शब्दच रुळला. प्रत्येक गोष्ट त्याला विचारून ठरवायची. कळसूबाई रद्द, कारण पहाटे पाचला निम्मी माणसं गेली तर उरलेल्यांत दोन म्हातारे आणि दोन लहान मुलं, गाडी चालवणारं कुणीच नाही. सांदण तर ओघानंच गेली.

बाबांना शेंडी गावात पर्यटन महामंडळाच्या निवासात खोली घेऊन द्यावी आणि बाकीच्यांनी तंबूत राहावं, असं दादानं सुचवलं. बाबा म्हणाले, ‘मग मी घरीच थांबतो, तुम्ही व्हिडिओ कॉल करा.’ विषय संपला.

फोनवरची चौकशी

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल अशी गावं घेत परत शेंडीला येतो. यातल्या बहुतेक गावांत आता तंबू लागतात. काही बाहेरच्या लोकांचे, बरेचसे गावातल्याच कुटुंबांचे. भात काढून झाल्यावर रिकाम्या झालेल्या खाचरांत किंवा घरामागच्या माळावर. चार ठिकाणी फोन केले.

पहिल्यानं सगळ्या प्रश्नांना ‘हो सर, होऊन जाईल सर’ असं उत्तर दिलं. मी बाई आहे हेही त्याच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यानं पूर्ण पैसे आधी मागितले. आम्ही निम्मे देतो म्हटल्यावर ‘विचार करून सांगतो’ म्हणाला तो अजून विचारच करतोय. तिसऱ्यानं पाठवलेलं नकाशावरचं ठिकाण आणि फोटोतला डोंगर यांचा मेळ बसेना. फोटोत रतनगडाचा खुटा (गडालगतचा सुळका) ज्या बाजूनं दिसत होता, तसा तो त्या जागेवरून दिसणंच शक्य नाही, असं भावजी म्हणाले. ते जुने ट्रेकर, त्यांचा शब्द घेतला.

चौथा गडी गावातलाच. त्याला विचारलं, संडास तंबूपासून किती लांब? तो म्हणाला, ‘थांबा, मोजून सांगतो.’ फोन चालू ठेवून चालत गेला. ‘बेचाळीस पावलं. मधी एक बांध हाये, गुडघ्याएवढा.’ इथंच मी ठरवलं होतं, पण पुढचे प्रश्नही विचारून घेतले. बांधाला पायरी करून मिळेल का? दोन दगड टाकून देतो. संडास भारतीय की कमोड? भारतीय, पण घरात पाहुण्यांच्या खोलीला लागून एक कमोडचा आहे. खोली मिळेल का? पंधराशे वेगळे. दिवा रात्रभर राहतो का? सौरदिवा आहे, पहाटेपर्यंत टिकेल असं सांगता येत नाही. अंथरायला काय? फोमची पातळ गादी आणि ब्लँकेट. साडेसातला जेवण मिळेल का? इथं तो जरा थांबला. कॅम्पवर नऊच्या आधी जेवण मागणारे आम्ही पहिलेच असू. आतून त्याच्या आईचा आवाज आला, ‘दे म्हणावं, आपण बी तवाच जेवतो.’

‘हो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘मोजून सांगतो’ म्हणणारा माणूस निवडावा, एवढंच माझं यातून झालेलं मत. ‘पहाटेपर्यंत टिकेल असं सांगता येत नाही’ हे वाक्य मला त्याच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त धीर देणारं वाटलं.

दवाखान्याची चौकशी वहिनीनं केली. जवळचं ग्रामीण रुग्णालय राजूरला. सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हे तिनं तिथं फोन करून विचारलं. थंडीत साप कमी फिरतात हे खरं, पण भात निघालेल्या खाचरांत उंदीर असतात आणि उंदरांमागं कोण येतं हे सांगायला नको. मण्यार रात्रीच निघते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून तंबूची चेन कायम बंद, बूट आत, सकाळी झटकूनच पाय घालायचा, हे नियम मुलांना घरूनच पाठ करून आणले होते. रुग्णवाहिकेचा १०८ सगळ्यांना माहीत होता. वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’चा क्रमांक १९२६ मात्र नवा होता. भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं तेही १९२६ साली, त्यामुळे लेकीच्या तो एका झटक्यात लक्षात राहिला.

पाणी कुठे आहे?

ही आमची चूक. सगळं मोजून घेणाऱ्या माणसाला आम्ही पाणी किती लांब हे विचारलंच नाही, कारण फोटोत ते तंबूच्या तोंडाशी होतं.

फोटो पावसाळा सरतानाचा होता. प्रवरेवरचं हे धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं. विल्सन धरण हे त्याचं कागदावरचं नाव, आणि मागच्या पाण्याला आर्थर लेक म्हणतात. साठा सुमारे ११ टीएमसी, नेमका सांगायचा तर ११,०३९ दशलक्ष घनफूट. घाटघर-रतनवाडीच्या भागात पाऊस इतका बेफाम पडतो की बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते भरतं. पण ते पर्यटकांसाठी भरत नाही. ते खालच्या अकोले, संगमनेर, श्रीरामपूर, राहात्याच्या शेतीसाठी आहे. आवर्तन (शेतीसाठीचं पाणी) सुटलं की पाणी खाली निळवंडे धरणाकडे जातं आणि इथला काठ मागे सरतो. उताराची जमीन असेल तर फार फरक दिसत नाही. ओढ्याच्या तोंडाशी, जिथं जमीन जवळजवळ सपाट असते, तिथं पातळी एक मीटर उतरली तरी पाण्याची कड वीस-तीस मीटर लांब जाते. उन्हाळ्यात तर मधली गाळाची जमीन उघडी पडते आणि धरणांच्या बुडीत क्षेत्रात लोक तिथं गाळपेर करतात. तेव्हा ‘लेकसाइड’ तंबूतून उठून पाण्याला हात लावायचा तर आधी कुणाचं तरी शेत ओलांडावं लागेल.

आम्हाला जानेवारीत दीडशे-दोनशे पावलं उतरावं लागलं, शेवटची तीसेक भेगाळलेल्या, वरून कोरड्या दिसणाऱ्या आणि आत घोट्याएवढ्या चिखलाच्या जमिनीवरून. भाच्याचा एक बूट तिथं अडकला तो भावजींनी काठीनं काढला. धरणातल्या साठ्याचे आकडे जलसंपदा विभाग रोज देतो, नगर-नाशिकच्या वर्तमानपत्रांतही छापून येतात. निघायच्या आदल्या दिवशी ते बघायला दोन मिनिटं लागली असती.

पण खरं सांगायचं तर पाणी लांब गेलं ते बरंच झालं. पाण्यात कुणीही उतरायचं नाही हा नियम होता आणि तो मुलांनी मोडला असता तर पहिल्या पाच मिनिटांत मोडला असता. धरणाचं पाणी वरून निवांत दिसतं. तळाशी जुने बांध, झाडांची खोडं, गाळ असतो, आणि दोन पावलांवर खोली एकदम वाढते. पट्टीचे पोहणारेही अशा ठिकाणी बुडाले आहेत. नौकाविहार शेंडीच्या बाजूला केला, तोही लाइफ जॅकेटचे बंद ओढून बघून. चार वर्षांच्या भाचीच्या मापाचं जॅकेट नव्हतं. मोठ्यांचं घालून चालेल असं नाववाल्याचं म्हणणं पडलं. पण सैल जॅकेट पाण्यात वर येतं आणि मूल खाली राहतं. भाची आणि ताई काठावर थांबल्या, भाचीनं भोकाड पसरलं, आणि तिची समजूत काढायला जी तिळाची वडी दिली ती संक्रांतीसाठी मोजून आणलेल्यांतली होती.

सामान

यादी देत बसत नाही, ती कुठेही मिळते. दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

ताईनं सासूबाईंच्या हातच्या तीन गोधड्या आणल्या आणि दादा हसला. त्याच्याकडे महागडी स्लीपिंग बॅग होती. रात्री थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते. जमीन अंगातली ऊब ओढून घेते, आणि बॅगेचा खालचा भाग आपल्याच वजनानं दबून गेल्यामुळे तो काही रोखत नाही. शिवाय खाचरात भाताची धसकटं असतात, ती पातळ फोममधून पाठीला टोचतात. गोधडी अंथरायची असते, पांघरायला ब्लँकेट पुरतं. पहाटे दादा एका गोधडीवर सापडला. कुणी काही बोललं नाही, वहिनीनं फक्त फोटो काढला.

दुसरी गोष्ट, पांढऱ्या जुन्या धोतराच्या चिंध्या. तंबूच्या मेखांना ओढलेल्या दोऱ्या रात्री दिसत नाहीत आणि पाय त्यातच अडकतो. प्रत्येक दोरीला एक चिंधी बांधली. पाच मिनिटांचं काम, मुलांनी खेळ म्हणून केलं. दुसऱ्या दिवशी यजमानानं त्या चिंध्या सोडू दिल्या नाहीत, म्हणाला, राहू द्या.

शनिवार

ठाण्याहून सकाळी सातला निघूनही माजिवडा ते वडपे या पट्ट्यात रस्ता रुंदीकरणानं सव्वा तास खाल्ला. (जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग आमण्यापासून पुढे पूर्ण खुला झाला, त्यामुळे आता कसारा घाट टाळून इगतपुरीला उतरता येतं. पण वडपेपर्यंतचं दुखणं आपलं आपल्याकडेच.) घोटीला पेट्रोल आणि रोख रक्कम दोन्ही भरून घेतलं. त्यापुढे दोन्हींचा भरवसा नको. शेंडीच्या नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती घेतली. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, १९८६ पासूनचा, हे तिथं आलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. बाकीच्या निम्म्यांना असूनही ते लाकडं तोडतात.

संध्याकाळ सुरेख गेली, त्यावर जास्त लिहीत नाही. पश्चिमेला शुक्र झळकत होता आणि त्याच्याजवळ मंदसा शनी. डोक्याकडे चंद्राच्या आसपास गुरू, पूर्वेला तांबूस मंगळ. तारे चंद्रानं गिळले होते, पण चार ग्रह एका रात्रीत मिळाल्यावर नवऱ्याची तक्रार मिटली. साडेसातला नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा भात. आईचा उपवास सुटला, बाबांची गोळी वेळेवर गेली. पोटं भरल्यावर बार्बेक्यू कुणाला आठवलाही नाही. कोळशाची शेगडी मात्र पेटवलेली होती.

इथं एक क्षण असा आला की ज्यानं प्रकरणाचं नावच बदललं असतं. दहानंतर गारठा वाढला. भावजींनी विझत आलेली शेगडी उचलून तंबूच्या तोंडाशी ठेवली, ‘चेन अर्धी उघडी ठेवू, आत ऊब राहील.’ मी आणि वहिनी एकदमच ओरडलो. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही, झोप लागते आणि तीच झोप राहते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथं केरळचे आठ पर्यटक एका बंद खोलीत असेच गेले, तिथं गॅसचा हीटर होता. भावजींनी निमूटपणे शेगडी खाचरात नेऊन पाणी ओतलं. ते शिकलेले आहेत, ट्रेकर आहेत, घाट-कडे चढलेले आहेत. थंडी वाजायला लागली की माणसाला हे आठवत नाही, एवढंच.

रात्र

अकरा वाजता शेजारच्या कॅम्पवर गाणी सुरू झाली. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. अभयारण्याच्या हद्दीत तो वेगळा सांगायलाच नको. दादा तावातावानं निघाला होता, यजमानानं त्याला थांबवलं आणि स्वतः गेला. काय बोलला माहीत नाही. वीस मिनिटांनी आवाज थांबला. गावातल्या माणसानं गावातल्या माणसाशी बोलावं. आपण गेलो असतो तर तिथं दोन दारूच्या बाटल्या आणि एक भांडण मिळालं असतं.

खोलीत आई, ताई आणि भाची. संडासाला सगळ्यात जवळच्या तंबूत बाबा आणि भाचा. भाच्याला बाबांचा ‘अंगरक्षक’ नेमलं होतं. बाबा उठले की त्यानं बॅटरी लावायची. पलीकडे तीन तंबू आमचे. त्यानंतर बांधाच्या अलीकडेच दोन तंबू दुसऱ्या एका कुटुंबाचे, मुंबईचेच.

सौरदिवा दीडच्या सुमारास गेला, सांगितल्याप्रमाणे. अडीचला बाबा उठले. अंगरक्षक मेल्यासारखा झोपला होता. बाबांनी त्याला उठवलं नाही, उशाची बॅटरी घेतली, कानटोपी घातली, चिंध्या चुकवत, दगडाच्या पायरीवरून बांध ओलांडून गेले. सगळं योजनेप्रमाणे. बेचाळीस पावलं त्यांनी मोजली, तसं त्यांनीच नंतर सांगितलं.

परत येताना बॅटरी डोळ्यांवर येते म्हणून त्यांनी ती खाली धरली. सगळे तंबू एकाच आकाराचे, एकाच निळ्या-करड्या रंगाचे, दंवानं ओले. बाबांनी ‘आपल्या’ तंबूची चेन उघडली, आत वाकले आणि हळूच म्हणाले, ‘सरक रे जरा.’

आतून बाईची किंकाळी आली. पाठोपाठ पुरुषाचा आवाज, मग सगळ्या बॅटऱ्या, मग कुत्री, मग आम्ही. बाबा दुसऱ्यांच्या तंबूबाहेर उकिडवे, कानटोपी डोळ्यांवर आलेली, एकच वाक्य परत परत म्हणत होते, ‘माफ करा, माझा नातू समजलो.’ आतल्या गृहस्थांना परिस्थिती समजायला अर्धा मिनिट लागला. तो अर्धा मिनिट मला अजून आठवतो, कारण त्यांच्या हातात मेख होती.

बाबा पडले असते, घसरले असते, त्यांना थंडी बाधली असती, साखर उतरली असती, या सगळ्यांवर उपाय आमच्याकडे होता. वहिनीच्या पिशवीत साखरेच्या पुड्यासुद्धा होत्या. जायचा रस्ता आम्ही पाऊल न् पाऊल आखला. यायचा रस्ता तोच असतो असं धरून चाललो. अंधारात तो तोच नसतो. जाताना माणूस एका दाराकडे चालतो, येताना सहा सारख्या ढिगाऱ्यांकडे.

साडेतीनला आणि सव्वापाचला बाबा पुन्हा उठले. दोन्ही वेळी मी जागीच होते.

रविवार

पहाटे गाडीच्या पडद्यावर ९ अंश. तंबूच्या आतल्या बाजूनं थेंब गळत होते. बाहेरचं दंव आणि आतल्या श्वासांची वाफ दोन्ही मिळून. झोपताना वरची झडप थोडी उघडी ठेवली असती तर निम्मं पाणी कमी झालं असतं. थंडीच्या भीतीनं आम्ही सगळं गच्च बंद केलं होतं. लेकीची वही भिजली.

भाच्यानं कुणी न सांगता बाबांचा लाल मफलर तंबूच्या शेंड्याला बांधला. आता बांधून काय उपयोग, असं दादा म्हणाला. ‘दुपारी झोपतील ना आजोबा,’ भाचा म्हणाला.

आईनं डब्यातल्या तिळाच्या वड्या काढल्या आणि बाबांना घेऊन शेजारच्या तंबूत गेली. संक्रांत मंगळवारी होती, पण ‘गोड बोला’ म्हणायला दोन दिवस थांबणं परवडण्यासारखं नव्हतं. ती दोघं पाऊण तास परत आली नाहीत. बघायला गेले तर चहा चालला होता आणि त्या गृहस्थांच्या वडिलांच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनवर बाबा सविस्तर मत देत होते.

दहाला रतनवाडीला निघालो. अमृतेश्वराचं शिलाहारकालीन मंदिर हा या सहलीतला आईचा भाग. गाडी जवळपर्यंत जाते, चढण नाही, पुष्करणीच्या काठावर बसता येतं. आईनं दोन तास एकेक कोरीव दगड हात लावून पाहिला. सांदण आणि कळसूबाई डोक्यात असती तर इथं वीस मिनिटं मिळाली असती. कचऱ्याच्या दोन पिशव्या आमच्याबरोबर ठाण्याला आल्या. एक आमची, एक काठावर सापडलेली.

खर्च असा: मोठी आठ माणसं प्रत्येकी १,२००, दोन मुलं प्रत्येकी ६००, भाची फुकट, खोलीचे १,५००, मिळून १२,३००. नाव, रविवारचं जेवण, पावत्या, तीन गाड्यांचं पेट्रोल आणि टोल धरून सगळं २२,००० च्या आसपास. तीन घरांत वाटलं. दादानं पेट्रोलचा फरक वेगळा मागितला आणि त्याला तो दिला.

पुढची नोंद

बाबांना आता काजवे बघायचे आहेत. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या पावसाच्या आगेमागे, याच भागात सादडा, हिरडा, बेहडा, उंबर अशा झाडांवर ते लखलखतात. मी नवा तक्ता उघडला तेव्हा जवळजवळ प्रत्येक रकाना बदलला. अंधार तेरा तासांचा नाही, जेमतेम अकराचा. थंडीऐवजी वळिवाचा पाऊस आणि वारा, म्हणजे खाचरातला तंबू बाद, पत्र्याच्या पडवीतला चालेल. पाणी कुठल्या कुठे गेलेलं. बॅटरी तर लावायचीच नाही, काजव्यांना उजेड चालत नाही. आणि त्या अंधाऱ्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग, म्हणून मंगळवार-बुधवार, म्हणून ताईची रजा.

वहिनीला तक्ता पाठवला. तिनं एकच प्रश्न विचारला आहे: बॅटरी लावायची नसेल तर अडीचला काय? यजमानाला फोन केला. तो म्हणाला, ‘दोरी बांधू. पडवीपासून संडासापर्यंत, कमरेएवढी. हाताला धरून जायचं आन् तीच धरून यायचं.’ आणि थोडं थांबून, ‘लाल बांधू का?’